चिठ्ठी वाचून दाखवणारा मास्तर

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नव्हतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसू नका म्हणून बजावलं होतं. आज बसलोय तो राग आला म्हणून. त्यातला थोडा राग स्वतःवरचाही आहे, त्यामुळे लेख लांबणार. मंडळी, सांभाळून घ्या.

नात आठवीत आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, तेव्हा पालकसभा असो की गॅदरिंग, गांधीबागेतून ऑटो करून आजोबाच हजेरी लावतात. मागच्या महिन्यात तिच्या शाळेत 'सायबर जागृती'चा कार्यक्रम झाला. आठवी ते दहावीची मुलं-मुली हॉलमध्ये सतरंजीवर, आम्ही पालक मागे खुर्च्यांवर. पाहुणे तयारीनं आले होते. पडद्यावर एकामागून एक कलमं येत होती, कलमाखाली शिक्षा आणि शिक्षेखाली बेड्यांचं चित्र. स्वतःचा तसला फोटो कोणाला पाठवू नका, पाठवलात तर आयुष्य बरबाद! हे वाक्य पाऊण तासात मी अकरा वेळा ऐकलं. (मास्तरकीची खोड, मोजत बसतो.) अकराच्या अकरा वेळा पाहुण्यांची मान मुलींच्या बाजूला वळलेली. मुलांच्या रांगांत आपल्या कोपरखळ्या चालल्या होत्या.

शेवटी प्रश्नपेटी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पासवर्ड कसा ठेवावा, गेममध्ये पैसे गेले तर काय करावं, असे पाच-सहा प्रश्न झाले आणि मग एक चिठ्ठी निघाली. पाहुण्यांनी मोठ्यानं वाचली : "फोटो आधीच गेला असेल तर काय करायचं?"

हॉल एकदम गप्प. पाहुणे हसले आणि म्हणाले, "म्हणून तर सांगून राहिलो ना बेटा, पाठवायचाच नाही." आणि पुढची चिठ्ठी उचलली.

मग आभारप्रदर्शन, शाल, श्रीफळ. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ती चिठ्ठीच होती. कोणी गंमत म्हणून लिहिली असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण नसेल तर? तर त्या हॉलमध्ये एक लेकरू असं बसलं होतं, की ज्याला त्या दिवशी, त्या तासाला मदत हवी होती. त्यानं धीर करून विचारलंसुद्धा. आणि त्याला कळलं की इथे फक्त शिक्षेची माहिती मिळते.

आता माझी गोष्ट सांगतो. घरच्यांनाही आजवर सांगितलेली नाही, ते इथेच वाचतील.

१९८३ सालची असेल. मी तेव्हा बत्तिशीचा, नववीचा वर्गशिक्षक, मराठी आणि इतिहास शिकवायचो. एका तासाला मागच्या बाकावर खुसखुस चालली होती. जाऊन पाहिलं तर एक चिठ्ठी. वर्गातल्या एका मुलीनं एका मुलाला लिहिलेली. रविवारी शुक्रवारी तलावावर येशील का, तुझा निळा शर्ट छान दिसतो. बस, एवढंच! पण ज्याला लिहिली त्यानं ती बाकाबाकावरून फिरवली होती आणि शेवटच्या बाकावर ती माझ्या हाती लागली. मी काय करावं? त्या मुलीला उभं केलं आणि चिठ्ठी सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. नुसती वाचली नाही, अभिनयासकट वाचली. मराठीचा मास्तर, वाचन चांगलं होतं माझं. वर्ग पोट धरून हसला. तो मुलगाही हसत होता. ती उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याभरात तिचे वडील दाखला घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं असं उडत उडत कानावर आलं. मुलगा दहावी पास झाला. आज त्याचं कापडाचं दुकान आहे आणि मी दिसलो की गादीवरून उठून "नमस्कार सर" म्हणतो, चहा मागवतो. मी तो चहा पितो.

त्या वेळी मला वाटलं होतं, वर्गाला शिस्त लावली. आजच्या भाषेत सांगायचं तर तिनं पाठवलं, त्यानं फॉरवर्ड केलं आणि व्हायरल मी केलं. शिक्षा मात्र तिला.

इंग्रजीत याला सेक्स्टिंग म्हणतात. एका निळ्या शर्टाची चिठ्ठी आणि उघड्या अंगाचा फोटो यांत फरक आहे, तो मला कळतो. चिठ्ठी फाडता येते, फोटो फाडता येत नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं विश्वासानं एकाला काही दिलं आणि त्या एकानं ते चाळीस जणांना दिलं, यातला गुन्हा कोणता? पहिला भाग मूर्खपणा असेल, घाई असेल, बहुतेक वेळा तर "माझ्यावर प्रेम असेल तर पाठव" असा तगादा असतो. गुन्हा दुसरा भाग आहे. आणि आमचे सगळे जागृती कार्यक्रम पहिल्या भागावर बोलतात. "फॉरवर्ड करू नका, आला तर पुसा, जिचा आहे तिच्या बाजूनं उभे राहा" हे त्या पाऊण तासात एकदाही ऐकलं नाही. मोजत होतो ना मी!

कायद्याचंही तसंच आहे. मी वकील नाही, पण वेळ भरपूर आहे, कलमं वाचून काढली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं ६७ब हे कलम आलं, ते २००९ च्या ऑक्टोबरपासून लागू झालं. अठरा वर्षांखालच्या कोणाचंही अश्लील चित्र तयार करणं, गोळा करणं, शोधणं, पाहणं, उतरवून घेणं, देणं-घेणं, सगळं त्यात बसतं. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मग २०१२ च्या बालदिनी पॉक्सो लागू झाला. २०१९ मध्ये तो आणखी कडक केला. हे कायदे लेकरांचा बाजार मांडणाऱ्या नराधमांसाठी झाले आणि त्यांच्यासाठी ते कितीही कडक असोत, माझी तक्रार नाही. पण ६७ब ची शब्दरचना पाहा. आरशासमोर स्वतःचाच फोटो काढणारी पंधरा वर्षांची मुलगी त्यातून कुठे वगळली आहे? कुठेच नाही. तिनं चित्र तयार केलं, तिनं पाठवलं. ज्या कायद्यानं तिला राखायचं, त्याच कायद्याच्या शब्दांत ती आरोपी म्हणून बसते. तिला बाल न्याय मंडळापुढे नेतील, तुरुंगात टाकणार नाहीत, हे खरं. पण कार्यक्रमात बेड्यांचं चित्र पाहिलेल्या पोरीला बाल न्याय मंडळ आणि तुरुंग यांतला फरक कोण समजावून सांगतं?

पॉक्सो हा शब्द आम्हा नागपूरकरांच्या घराघरांत पोहोचला तो २०२१ च्या जानेवारीत. कपड्यावरून झालेला स्पर्श, त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल आमच्या इथल्या खंडपीठानं दिला होता. देशभर गहजब झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. म्हणजे जिथे गुन्हा उघड दिसतो तिथे शब्दाचा कीस, आणि जिथे दोन पोरांचा नादानपणा आहे तिथे शब्दांचं जाळं एवढं रुंद!

पॉक्सोच्या १९ व्या कलमाबद्दल मात्र मी स्वतःशीच भांडतोय. गुन्हा झाल्याचं कळलं तर कोणीही असो, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम का आलं ते समजतं. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरणं दाबणारे आम्हीच ना! २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांच्या बाबतीत तक्रार नोंदवून घ्यायलाही किती उशीर झाला ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण हेच कलम एखाद्या चांगल्या बाईंचं तोंडही बंद करतं. रडत आलेल्या मुलीला ती सांगूच शकत नाही की, "बस बेटा, हे तुझ्या-माझ्यात राहील." मुलींना हे कळतं. मग त्या येतच नाहीत.

कार्यक्रमाच्या रात्री जेवणं झाल्यावर नातीला मी माझी १९८३ ची गोष्ट सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "आबा, आज ती चिठ्ठी कोणी टाकली मला माहीत आहे. सांगू?"

माझ्या तोंडून पटकन "नको" निघालं. नाव कळलं असतं तर मी काय करायला हवं हे कायद्यानं ठरवून ठेवलंय, आणि मला त्या लेकराला न विचारता काही करायचं नव्हतं. हे बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही. कदाचित मी पुन्हा एकदा अंगच काढून घेतलं. मी वहीच्या कागदावर काही गोष्टी लिहून दिल्या, म्हटलं, ज्याची कोणाची असेल त्याला दे. काय लिहिलं ते पुढे सांगतो.

आपल्याकडे हे शिकवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. झाला होता, मी साक्षीदार आहे. केंद्राच्या शिक्षण खात्यानं आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं २००५ साली किशोरवयीन मुलांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम आणला. आमच्या शाळेतही त्याचं पाकीट आलं. २००७ मध्ये विधिमंडळात त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं कार्यक्रम थांबवला. महाराष्ट्रच नव्हे, आणखीही राज्यांनी थांबवला. आमचं पाकीट स्टाफरूमच्या कपाटात गेलं. चावी कपाटालाच होती. मी निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होतं आणि मीसुद्धा ते कधी उघडलं नाही, तेव्हा सरकारला एकट्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनं तर शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अभिप्राय दिला. आपली संस्कृती, आपले संस्कार वगैरे.

कोणती संस्कृती? याच मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. गणिताचे प्राध्यापक, नोकरी गेली तरी हटले नाहीत. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्याला विकृत समजू नका, त्याला उत्तर हवं आहे, एवढंच कर्व्यांचं म्हणणं होतं. आमच्या हॉलमधले पाहुणे एका पोराला तेवढंही देऊ शकले नाहीत.

गंमत म्हणजे न्यायालयं आता आपल्या पुढे गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मुलांचं असलं साहित्य जवळ ठेवणं आणि पाहणं हाही गुन्हा आहे असं ठणकावलं, त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका, ते मुलांचं शोषण आहे असंही सांगितलं. त्याच निकालात शाळांमधून नीट लैंगिक शिक्षण देण्याचा आग्रह आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात तर हेच न्यायालय म्हणालं की नववीपर्यंत थांबू नका, लहान वयापासून शिकवा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांमध्ये मुलांच्या वयाला साजेसा अभ्यासक्रम सरकारांनी तयार करावा असं लिहूनच ठेवलंय, त्यात इंटरनेटवरची सुरक्षाही आहे. कागदावर सगळं आहे हो! बदलापूरनंतर शाळांत सीसीटीव्ही मात्र तातडीनं सक्तीचे झाले. कॅमेरा विकत आणता येतो. मुलांशी बोलणारा माणूस घडवावा लागतो.

परदेशात सगळं आलबेल आहे असं समजू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टंकहॅनॉक नावाच्या गावात २००८-०९ च्या सुमारास शाळेनं मुलांचे फोन जप्त केले, त्यात काही मुलींचे फोटो सापडले. तिथल्या सरकारी वकिलांनी पत्रं पाठवली : कित्येक महिन्यांच्या सुधारणा वर्गाला या, नाहीतर खटला भरतो. वर्गात मुलींनी आपण काय चुकलो यावर निबंध लिहायचा. तीन मुलींच्या घरच्यांनी नकार दिला. दोघी अंतर्वस्त्रांत होत्या, एक टॉवेलमध्ये, आणि तो फोटो त्यांनीच पसरवला असा पुरावाही नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयानंही सांगितलं की निबंध लिहायला नकार दिला म्हणून खटल्याची धमकी देता येणार नाही. वाचून मला माझंच आठवलं. "मी पुन्हा असे करणार नाही" शंभर वेळा लिहायला लावायचो मी. ज्यांची काही चूक नव्हती त्यांनीसुद्धा लिहिलंय.

पण चांगलीही उदाहरणं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्येच कायदा बदलला. जवळपासच्या वयाच्या मुलांनी आपसांत राजीखुशीनं पाठवलेलं चित्र हा बाल-अश्लीलतेचा गुन्हा नाही. मात्र दुसऱ्याचं खाजगी चित्र त्याच्या मर्जीविरुद्ध पसरवणं किंवा तशी धमकी देणं हा गुन्हा. बघा, रेघ कुठे मारली त्यांनी! स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो गावी २०२३ मध्ये पोरांनी शाळेतल्या मुलींचे साधे फोटो घेऊन एआयनं त्यांचे कपडे उतरवले. या मुलींनी तर काहीच पाठवलं नव्हतं. २०२४ मध्ये तिथल्या बाल न्यायालयानं पंधरा मुलांना वर्षभर देखरेखीखाली ठेवलं आणि समानतेचे व तंत्रज्ञान जबाबदारीनं वापरण्याचे वर्ग सक्तीचे केले. वर्गात कोणाला बसवलं? ज्यांनी पसरवलं त्यांना. आणि 'पाठवूच नका' हा उपदेश आता किती अपुरा आहे तेही या गावानं दाखवून दिलं.

हे सगळं परवा गांधीबाग उद्यानात सकाळच्या मंडळींसमोर बोललो. एक स्नेही म्हणाले, "सर, मोबाइलच द्याचा नाही पोट्ट्यांना. संस्काराची गोष्ट आहे." हेच स्नेही, काही महिन्यांपूर्वी याच बाकावर मला फोन दाखवत होते. "पाहा न सर, आजकालचे शाळेतले पोरं काय करून राहिले!" युनिफॉर्ममधली कोणाची तरी लेक. मी फोन उलटा केला आणि आधी ते पुसायला सांगितलं. म्हटलं, काकाजी, हे तुमच्या फोनमध्ये असणं हाच गुन्हा आहे. त्यांना फार लागलं. "मी का वाईट नजरेनं पाहून राहिलो? लोकांना सावध कराले पाठवलं." किती जणांना सावध केलं? तीन ग्रुप. कुटुंबाचा, समाजाचा आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचा. नातवाचा मोबाइल काढून घ्यायला निघालेले आजोबा! परवाच्या बोलण्यानंतर ते दुसऱ्या बाकावर बसतात. बसू देत. आपल्याही नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदा असंच काही आलं होतं, ज्यांनी टाकलं त्यांना आठवत असेल. मी तेव्हा गप्प बसलो होतो.

आता नातीला कागदावर काय लिहून दिलं ते. पहिलं, तुझी चूक लहान आहे, पसरवणाऱ्याची मोठी. दुसरं, १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर, दिवसरात्र. तिसरं, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न सांगताही करता येते. चौथं, 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बालसंरक्षण केंद्राची, आपल्याकडूनही वापरता येते. फोटो कोणाला द्यावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, तो ठसा सहभागी कंपन्यांना जातो आणि त्यांच्या जागेवर तो फोटो सापडला तर त्या काढतात. व्हॉट्सॅपच्या खाजगी निरोपांत ते चालत नाही, तेही लिहिलं, खोटी आशा नको. पाचवं, इन्स्टाग्राम-फेसबुकवर असेल तर तिथेच तक्रार कर, २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना असलं चित्र काढायला चोवीस तासांची मुदत घालून दिली होती. सहावं, धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल तर काही देऊ नकोस, आणि धमकीचे मेसेज पुसू नकोस, पुरावा आहे तो. शेवटी, आईला सांग. आईला नाही तर मावशीला, आत्याला, कोणालातरी मोठ्याला. एकटी राहू नकोस.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, मी 'एकटी' लिहिलं होतं. मीसुद्धा मुलगीच गृहीत धरली. खोडून 'एकटं' केलं.

हा एक कागद लिहायला मला दहा मिनिटं लागली. हेच त्या पडद्यावर आलं असतं तर बेड्यांच्या चित्राची गरज पडली नसती.

नातीनं कागद कंपासपेटीत ठेवला. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी शाळेत गेलो, मुख्याध्यापिकाबाईंना पत्र दिलं. मागितलं एवढंच, की आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गावर मला वीस मिनिटं द्या, मुलं-मुली एकत्र बसवून. काय बोलणार विचारलं त्यांनी. म्हटलं, सुरुवात माझ्या चुकीपासून करीन, मग हा कागद वाचून दाखवीन. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पालकांनी हरकत घेतली तर काय, व्यवस्थापनाला विचारावं लागेल, म्हणाल्या. बरोबर आहे, त्यांनाही नोकरी करायची आहे. सोमवारी या, सांगते म्हणाल्या. जाणार आहे. काय उत्तर येतं ते इथे लिहीन.